कापसाच्या हंगामानंतर पुन्हा फास्ट बॉलिंग: आधी बॉल मोजा, वेग मागून येईल

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, उजव्या हाताने फास्ट बॉलिंग, गाव दारव्हा तालुक्यात. मे महिन्यात शेवटचा सामना खेळलात, मग पेरणी लागली आणि बॉल हातातून सुटला तो सुटलाच. सोयाबीन निघालं, तूर सोंगून झाली, कापसाची एक वेचणी बाकी आहे. २६ जानेवारीच्या आसपास गावात टेनिस बॉलची टूर्नामेंट, आणि फेब्रुवारीच्या शेवटी तालुक्याच्या टीमकडून लेदर बॉलचे सामने. परवा एका दमात सहा ओव्हर टाकल्या. दुसऱ्या दिवशी खांदा वर जाईना, कंबर आखडली, आणि वेगही गेल्यासारखा वाटला. वेग लवकर परत कसा आणायचा, डंबेल्स घ्यायचे का, आणि कॅप्टनला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी यवतमाळ-वर्ध्याकडच्या पोरांना बरीच वर्षं बॉलिंग शिकवतोय. दर जानेवारीत हाच प्रश्न येतो, कारण आपल्याकडे खेळाडू आणि शेतकरी एकच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, वेग गेलेला नाही. सात महिने वावरात राबलेल्या माणसाची ताकद कुठे जात नाही. दम आणि चिवटपणा तर शहरातल्या नेटवाल्या पोरांपेक्षा तुमच्यात जास्तच असेल. गेली ती एका विशिष्ट झटक्याची सवय. फास्ट बॉलरचा पुढचा पाय क्रीजवर आपटतो तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या पाच पटीहून जास्त जोर उलटा येतो. तुमचं वजन ६५ किलो धरलं तर तीन क्विंटलच्या वर भार, क्षणभर, एका पायावर, आणि त्याच क्षणी कंबर वळत आणि एका बाजूला झुकत असते. परवा तुम्ही हे ३६ वेळा केलंत. वखरणी, डवरणी, वेचणी, पोती उचलणं, यातल्या कशातच शरीराला असा धक्का बसत नाही. त्यामुळे शेतीच्या कामाने अंग तयार आहे हे खरं, पण बॉलिंगसाठी तयार आहे हे खरं नाही.

आता यातली मेख. दम दोन-तीन आठवड्यांत परततो. स्नायू त्याच्या मागोमाग येतात. पण टाचेची शीर, गुडघ्याखालची शीर, खांद्याच्या आतल्या शिरा आणि मणक्याचं हाड यांना पुन्हा तयार व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्हाला वाटेल, ‘जमलं, आता दाबून टाकतो’, आणि हाड नेमकं तेव्हा कच्चं असतं. शिवाय जास्तीच्या बॉलिंगचं दुखणं त्याच आठवड्यात दिसेल असंही नाही. पुष्कळदा ते तीन-चार आठवड्यांनी वर येतं. पोरगा म्हणतो, ‘सर, मी तर काल फक्त दोन ओव्हर टाकल्या.’ कालच्या दोन ओव्हरचा दोष नसतो, महिन्याभरापूर्वीच्या टूर्नामेंटचा असतो.

पुढचं सगळं सांगण्याआधी कंबरेचं बघू, कारण तिथे मी तडजोड करत नाही. दोन्ही बाजूंना सारखं आखडलंय, चालल्यावर मोकळं होतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं, तर ते न झेपलेल्या श्रमाचं दुखणं. पण उजव्या हाताच्या बॉलरला कंबरेच्या डाव्या बाजूला, खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल तर थांबा. डाव्या पायावर उभं राहून हळूच मागे वाका. त्याच जागी कळ उठली तर बॉलिंग पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. फास्ट बॉलरच्या मणक्याला सूक्ष्म तडा जातो तो बहुतेक वेळा बॉलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ एवढ्यावर समाधान मानू नका. आपण फास्ट बॉलर आहोत आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेळेत थांबलात तर काही महिन्यांत मैदानावर परत येता येतं. मेडिकलमधून गोळी घेऊन टाकत राहिलात तर तेच प्रकरण वर्षावर जातं. गोळी खाऊन बॉलिंग हा प्रकार आपल्याकडच्या टूर्नामेंटमध्ये फार चालतो आणि मला त्याची खरंच काळजी वाटते, कारण गोळी दुखणं झाकते, तडा नाही.

तुमचं दुखणं पहिल्या प्रकारचं आहे असं धरून पुढचं लिहितो.

बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही १७-१८ वर्षांचे असता तर मी याहून सावकाश नेलं असतं, कारण त्या वयात मणक्याचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. पस्तिशीचे असता तर पोटरी आणि टाचेच्या शिरेकडे जास्त लक्ष दिलं असतं. पिच कसलं आहे तेही महत्त्वाचं. गावोगावी आता सिमेंटचं पिच आणि वर मॅटिंग असतं. फलंदाजाला ते छान, पण बॉलरच्या पुढच्या पायाला फार कठीण. पहिले तीन आठवडे शक्य असेल तर मातीवरच टाका. मात्र आपली काळी माती या दिवसांत भेगाळलेली असते. रनअपची वाट कुदळीने सारखी करा, ढेकळं फोडा, भेगा बुजवा, पाणी मारून धुम्मस करा. एका संध्याकाळचं काम आहे, पण घोटा वाचतो.

आणि ती माती तुमची कोचही होऊ शकते. क्रीजजवळचा हातभर भाग जरा भुसभुशीत ठेवा, वर हलकं पाणी शिंपडा आणि पहिले सहा बॉल टाका. मग वाकून बघा. ताज्या दमाच्या बॉलरचे पुढच्या पायाचे सहाही ठसे जवळजवळ एकावर एक पडतात. टाचेचा खळगा एक, बोटांची दिशा एक. टाकत राहा, दर ओव्हरनंतर बघत राहा. कधीतरी तिसऱ्या-चौथ्या ओव्हरला ठसे पसरायला लागतात. एक डावीकडे, एक आखूड, एखाद्यात बोटं फाईन लेगकडे वळलेली, टाच घसरल्याची लांब रेघ. तुम्हाला थकवा जाणवायच्या आधी मातीत तो दिसतो. ठसे वीतभर पसरले की त्या दिवसाची बॉलिंग संपली, ठरवलेले बॉल शिल्लक असले तरी. माझ्याकडच्या पोरांना मी स्पीड मोजायचं मशीन कधी दिलं नाही, पण हे ठसे सगळ्यांना वाचता येतात.

आता आकडे. मी ओव्हर मोजत नाही, बॉल मोजतो, आणि त्यात वॉर्म-अपचे, ‘एक टाकून बघतो’वाले, लहान पोरांना टाकलेले, सगळे धरतो. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तीनदा, प्रत्येक वेळी २४ बॉल. पहिले दोन दिवस उभ्याने किंवा चार पावलांतून, तिसऱ्या दिवशी अर्धा रनअप. जोर निम्म्याहून थोडा जास्त, बस. दुसऱ्या आठवड्यात तीनदा ३० बॉल, अर्ध्या रनअपने. तिसऱ्यात तीनदा ३६, पूर्ण रनअप, पण दाबून टाकायचे फक्त शेवटचे सहा. चौथ्या आठवड्यात मुद्दाम खाली या, दोनदाच ३० बॉल. पोरं इथेच कुरकुरतात, पण हाडाची भर विश्रांतीत पडते, म्हणून हा आठवडा मी सोडू देत नाही. पाचव्यात तीनदा ४०, सहाव्यात तीनदा ४८, आणि आता अर्धे बॉल पूर्ण जोराने. त्यानंतर लागोपाठ दोन दिवस टाकून बघायला हरकत नाही. आठवड्याची बेरीज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तुमचा एखादा आठवडा त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपटीवर गेला की धोका वाढतो. हा हिशोब मोठ्या संघांतही ठेवतात. परवाच्या ३६ बॉलची अडचण हीच होती. ३६ म्हणजे फार नाहीत, पण त्याआधीची सरासरी शून्य होती.

जसप्रीत बुमराहचंच बघा. मार्च २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये परतला ते टी-ट्वेंटीतून, जिथे चारच ओव्हर टाकायच्या असतात. जगातल्या सर्वोत्तम बॉलरलाही एकदम लांब स्पेल देत नाहीत. आपण तर दिवसभर वावरात काम करून संध्याकाळी मैदानावर जातो.

त्यावरून शेतीच्या कामाचं. याचा हिशोब कोणत्याच शहरी प्रोग्रॅममध्ये नसतो, म्हणून तो आपणच ठेवायचा. वेचणीत दिवसभर कमरेतून वाकलेलं असतं, कमरेला ओटी बांधलेली, आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणलेल्या. त्या संध्याकाळी फास्ट बॉलिंग नको; उभ्याने दहा-बारा बॉल टाकून मनगट हलतं ठेवलं तर चालेल. हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी चालू असेल तर तो दिवस पूर्ण सुट्टी. पाठीवर १६ लिटरचा पंप म्हणजे पाण्यासकट वीसेक किलो, तोही ढेकळांतून चालताना, एका हाताने दांडा मारत. मणक्यावर दिवसभर तिरका भार पडलेला असतो. आणि ओलिताच्या विजेची लाईन रात्रपाळीत असेल त्या आठवड्यात बॉल वाढवू नका. झोप अर्धी झाली की शिरा भरून येत नाहीत. वाढवायचं ते दिवसपाळीच्या आठवड्यात. म्हणजे वरचा सहा आठवड्यांचा क्रम तुमच्याकडे सात आठवडे घेईल, घेऊ द्या.

वेळेचंही एक सांगतो. आपल्याकडची पोरं पहाटे साडेपाचला धावायला जातात, त्याच दमात बॉलिंगही उरकतात. जानेवारीतल्या पहाटेची थंडी हे एक कारण झालं, पण दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात कंबर वाकवली-वळवली तर त्यांच्यावर दिवसातला सर्वात जास्त ताण येतो. म्हणून बॉलिंग दुपारी चारनंतर करा. पहाटेच करायची असेल तर उठून तासभर जाऊ द्या, गाईगुरांचं आटपा, मग जा. मैदानावर आधी अंगाला घाम सुटेपर्यंत पळा, मग हात-कंबर मोकळी करा, मग पाच-सहा छोट्या दौडी. बसून पाय ताणण्याचे प्रकार बॉलिंग झाल्यावर.

बॉलबद्दल. टूर्नामेंट टेनिसची आणि महिन्याने सामने लेदरचे, हा बदल लोक हलका समजतात. लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो, साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतला. हाताने फेकायचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. टेनिस बॉलला वेग द्यायला पोरं हात जोरात झटकतात. हलका बॉल सुटल्यावर हात थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या बारीक स्नायूंवर येतं, आणि खांदा दुखतो तो तिथेच. तीच झटकायची सवय लेदरला लावली की खांदा आणि कोपर दोन्ही ओरडतात. बाजारात ‘हेवी टेनिस’ नावाने बॉल मिळतात त्यांचं वजन कंपनीगणिक वेगळं असतं. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम. मी म्हणेन, दुसऱ्या आठवड्यापासून दर वेळच्या बॉलपैकी सहा लेदरचे टाका, आणि दर आठवड्याला सहा वाढवा. टूर्नामेंट संपल्यावर पहिल्यांदा लेदरला हात लावू नका.

डंबेल्सचं विचारलंत. घेऊ नका, निदान आत्ता पैसे घालवू नका. तुम्हाला दोन जागा तयार करायच्या आहेत आणि दोन्हीला जिम लागत नाही. एक, पुढचा पाय आणि कंबर. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच सावकाश खाली-वर, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठका. अंगात आल्यावर छातीशी पोत्यात दहा-पंधरा किलो माती धरून. कुशीवर कोपर टेकून शरीर सरळ धरायचं, दोन्ही कुशींवर. एका पायावर छोट्या उड्या, मऊ जमिनीवर, थोड्याच. दोन, खांद्याची मागची बाजू. दंड सगळेच मारतात, पण दंडाने पुढची बाजू तयार होते आणि बॉलरची मागची कमी पडते. सायकलची जुनी ट्यूब लिंबाच्या खोडाला बांधा. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला ओढा, सावकाश परत सोडा. मग दोन्ही हातांनी ट्यूब छातीकडे ओढा, पाठीची पाती एकमेकींजवळ आणत. आठवड्यातून तीनदा, बॉलिंगनंतर किंवा बॉलिंग नसलेल्या दिवशी. खाण्यात रोज वरण, उसळ, शेंगदाणे, जमेल तशी अंडी, आणि पाणी भरपूर. थंडीत तहान कमी लागते म्हणून पोरं पाणी विसरतात.

ॲक्शनबद्दल न बघता फार बोलणं बरोबर नाही, पण सुट्टीनंतर एक बिघाड हमखास होतो तो तपासा. वेग कमी वाटला की बॉलर तो खांद्यातून काढायला जातो. मागचा पाय पडताना कंबर फलंदाजाकडे वळलेली आणि खांदे मात्र आडवे ओढलेले, मग बॉल सोडताना खांद्यांची मोठी उलटी फिरकी आणि डोकं डावीकडे पडलेलं. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, ही मिश्र ॲक्शन पाठीच्या दुखापतींशी फार जवळून जोडलेली आहे. मित्राला मोबाईल मागच्या अंपायरच्या जागी स्टंपच्या उंचीवर धरायला सांगा, स्लो मोशनमध्ये चार बॉल काढा. मागचा पाय टेकतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का बघा. मेमधला एखादा जुना व्हिडिओ असेल तर शेजारी ठेवून बघा. बिघाड दिसला तर जोर कमी करा, रनअप आखूड करा. बहुतेकांचं तेवढ्याने जागेवर येतं. रनअपची पावलंही नव्याने मोजा. मेमधली खूण आता लागू पडेलच असं नाही, आणि नो-बॉल वाचवायला शेवटचं पाऊल लांबवणं किंवा आखडणं कंबरेला महागात पडतं.

राहिला गावच्या टूर्नामेंटचा प्रश्न. खेळा, मी खेळू नका म्हणणार नाही. गावची टीम, सरपंचांनी ठेवलेलं बक्षीस, मैदानाभोवती सगळी ओळखीची माणसं; याच दिवसांसाठी तर वर्षभर वाट बघतो. पण तोपर्यंत तुमचा जेमतेम तिसरा आठवडा चालू असेल. आठ ओव्हरच्या सामन्यात तुमच्या वाट्याला दोन ओव्हर, दिवसात तीन सामने झाले तर सहा ओव्हर, वर वाइड-नो आणि वॉर्म-अपचे बॉल. बेरीज पन्नासच्या घरात जाते. शिवाय दोन सामन्यांच्या मध्ये तासभर मंडपात बसून अंग गार होतं आणि एकदम नवा बॉल हातात येतो. म्हणून कॅप्टनला आजच सांगा, टूर्नामेंटच्या सकाळी नाही: ‘दिवसात तीन ओव्हर, त्या कधी वापरायच्या ते तू ठरव. बाकी मी बॅटिंग आणि फिल्डिंगला पूर्ण आहे.’ फिल्डिंग स्लिपला किंवा सर्कलमध्ये मागा. बाउंड्रीवरून दिवसभर लांब थ्रो मारणं खांद्याला बॉलिंगइतकंच जड जातं. टूर्नामेंटचा आठवडा संपला की लगेच तो हलका आठवडा घ्या.

त्या तीन ओव्हरमध्ये वेगाच्या मागे लागू नका. लाईन, यॉर्कर आणि एक सावकाश बॉल एवढं पुरतं. २०१७-१८ च्या रणजी फायनलमध्ये रजनीश गुरबाणीने दिल्लीविरुद्ध इंदूरला हॅट्‌ट्रिक घेतली आणि विदर्भ पहिल्यांदा चॅम्पियन झाला, ते स्विंग आणि अचूकतेच्या जोरावर. आणि वेगच हवा असेल तर उमेश यादव आपल्या खापरखेड्याकडचा, टेनिस बॉलवर वाढलेला, विशीच्या आसपास लेदरकडे वळला आणि २०११ मध्ये कसोटी खेळला. तुम्ही २४ चे आहात. फेब्रुवारीच्या शेवटच्या सामन्यांत पाच-पाच ओव्हरचे दोन स्पेल पूर्ण जोराने टाकायला तुमच्याकडे पुरेसे आठवडे आहेत, फक्त आजपासून मोजायला लागा.

आज आणि उद्या बॉल हातात घेऊ नका, नुसतं चाला आणि खांदा हलता ठेवा. परवा डाव्या पायावरची ती चाचणी करा, आणि दुखणं नेमकं कोणत्या बाजूला आहे ते इथेच लिहा. मागून काढलेला व्हिडिओ टाकलात तर खांदे-कंबर बघून सांगतो.